पिवळा पडदा

गुरुवार, संध्याकाळ

होणाऱ्या सासूबाईंचा येवल्याहून फोन होता. बोलता बोलता म्हणाल्या, "तुझ्या खोलीतला पिवळा पडदा मस्त आहे गं." पण त्या नाशिकला आमच्या घरी आल्यात कधी? तो पडदा दिसतो फक्त मी समीरला पाठवलेल्या फोटोंत. झोपेतून उठल्यावरचे, केस पिंजारलेले फोटो. फक्त त्याच्यासाठी काढलेले.

समीरला विचारलं, तर म्हणे, "काहीतरीच! माझ्या फोनला कुणी हातही लावत नाही." मग पडदा? की मीच उगाच शंका काढतेय?

शेवटी पडदा काढून ठेवला, त्याच खिडकीपाशी फोटो काढला आणि समीरला पाठवला. लगेच त्याच्या नंबरवरून लाल बदाम आला. मागोमाग सासूबाईंचा फोन. "पडदा धुवायला काढलास का गं?"

मग तो बदाम कुणी पाठवला?