आयलीचं पोट बोलत नाही

तोइवो,

आयलीला घेऊन हॉस्पिटलात चालले आहे. दारातला बर्फ उपसताना चक्कर येऊन पडली. आता शुद्धीवर आहे. शेजारच्या मार्गिटनं गाडी काढलीय. आयलीला गाडीत बसवून मी चिठ्ठीपुरती आत आलेय, मार्गिट बाहेर हॉर्न वाजवतेय.

काल दुपारी ती जेवेना म्हणून तू तिच्यापुढचं ताट उचललंस, हे मला आज बेकरीतली रात्रपाळी संपवून आल्यावर कळलं. "भूक लागली की येईल झक मारत," असं म्हणालास म्हणे. ती आली नाही. तुला वाटलं, पोर हट्टाला पेटलीय. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही.

मी विचारलं, "पोटात काय होतंय गं?" तर म्हणते, "काहीच नाही आई. नुसते हात थरथरतात आणि उगाच रडू येतं."

तोइवो, हीच तिची भूक. खाणीतून येतोस तेव्हा जेवायला जरा उशीर झाला तर तू घर डोक्यावर घेतोस. तिला पोटातलं काही कळतच नाही. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, तर तू हसलास. "भूक न कळणारं माणूस अजून जन्माला यायचंय," म्हणालास.

शेगडीवर वाटाण्याचं सूप आहे. आधी ते खा आणि मग ये. उपाशीपोटी तू भांडतोस, आणि आज मी ऐकून घेणार नाही.

गाडीत बसताना तिनं विचारलं, "बाबा अजून रागावलाय का?" ते तू येऊन तिला सांग.

हेल्मी