सोबतीची माती

प्रिय अंगद,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत न्हाई, पण त्याच्यावर फार भरवसा ठेवू नको. फोन केला की 'आक्का, साइटवर आहे, नंतर बोलू' म्हणून कापतोस. म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच कापता येत न्हाई.

भोकरदनहून गावाकडं येताना आपला माळ आता लांबूनच चकचकतो. बिरोबाच्या राईच्या सुशोभीकरणाचा ठेका तू घेतलास अन् तिथं पेव्हर ब्लॉक बसवलेस ना! एकही झाड तोडलं न्हाई म्हणून गावभर मिरवलास. अरे, झाडाखालचा पालापाचोळा, ती काळी भुसभुशीत माती, हातभर खोल खरवडून जेसीबीनं नाल्यात लोटलीस. वर मुरूम दाबलास. 'घाण काढली' म्हणे! तुझ्या अकलेला काय म्हणावं? दोन वर्षांत अख्खी राई उभ्या उभ्या वाळली. लाकडं कोण घेऊन गेलं तेही कळलं न्हाई. पावसाळ्यात त्याच घाणीतून कुत्र्याच्या छत्र्या उगवायच्या. तू लाथेनं उडवायचास अन् आईचा धपाटा खायचास. तो धपाटा आता द्यायला ती न्हाई, म्हणून तुझं फावलं.

आपली माणसं मेंढरं घेऊन फिरायची तेव्हापासूनची रीत आहे. कुठंही रोप लावलं की खड्ड्यात राईतली मूठभर माती टाकायची. आई तिला सोबतीची माती म्हणायची. एकट्या रोपाला करमत न्हाई, त्याला सोबत लागते, असं तिचं म्हणणं. तू शिकलास अन् हसायला लागलास. मीपण हसायचे, खोटं कशाला बोलू.

आता हसू येत न्हाई. राई परत उभी करायची म्हणून आम्ही अकरा बायकांनी रोपं केली. लिंब, हिवर, पळस, करंज. बी तेच, पाणी तेच, पिशव्या त्याच. आईनं मडक्यात ठेवलेली सोबतीची माती एका ओळीला पुरली. ती ओळ माझ्या कमरेला लागून राह्यली. बाकीची रोपं वीतभर अन् पिवळी. विकतचं खत घातलं, शेतातली माती घातली, बिलकुल हलंनात. मंग कॉलेजात शिकवणाऱ्या प्रिया मॅडम आल्त्या. दोन्ही रोपांची मुळं धुऊन घेऊन गेल्या, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली अन् मला बोलावून दाखवली. चांगल्या रोपाच्या मुळात, पार आतपर्यंत, बारीक धाग्यांचं जाळं. पिवळ्याच्या मुळात जवळपास काहीच न्हाई.

बुरशी आहे ती, अंगद. भाकरीवर येते ती नव्हे. साध्या डोळ्यानं दिसत न्हाई इतकी बारीक. मुळाचा हात पोचत न्हाई तिथून पाणी अन् स्फुरद ओढून आणते, अन् झाड पानात केलेली साखर तिला देतं. राईखाली ती कोण जाणे किती पिढ्या नांदत होती. तू तिला घाण म्हणालास! अन् तुला तरी किती बोलू? जेसीबी आली त्या दिवशी मी तिथंच उभी होते. धाकटा भाऊ साहेब झाला, ह्याच कौतुकात मशीनवाल्यांना चहा पाजला. त्या चहाची आठवण आली की माझाच मला राग येतो.

मॅडम म्हणाल्या, हे विरजणासारखं आहे. पाटीभर जिती माती मिळाली अन् तिच्यात ज्वारी पेरली, तर तीन-चार महिन्यांत सगळ्या पिशव्यांना पुरेल एवढी बुरशी वाढते. नाल्यातली तर कधीच वाहून गेली, अन् चांगल्या ओळीच्या पिशव्या उकरल्या तर तीच रोपं मरतील. मंग मी डोकं खाजवत बसले. आपल्या राईची माती आता कुठं उरली असंल?

उरली आहे. तुझ्या दारात. संभाजीनगरला तू घर बांधलंस तेव्हा आई राईतल्या मातीचं अर्धं पोतं मांडीवर घेऊन एसटीनं आल्ती. शेजारी बघून राह्यले म्हणून तुला लाज वाटली अन् तू तिला पोत्यासकट मागच्या दारानं आत घेतलंस. त्याच मातीत तिनं तुझ्या दारातला लिंब लावला. काल तुझ्या बायकोचा, शालूचा फोन आल्ता, रडून राह्यली होती बिचारी. नवी गाडी उभी करायला ह्या महिन्याअखेर तो लिंब मुळासकट काढून खाली सिमेंट करणार आहेस म्हणे. खबरदार! त्याला हात लावलास तर मी मेल्यावरही तोंड दाखवू नको. शनिवारी पहिल्या बसनं येतेय, खुरपं अन् रिकामं पोतं घेऊन. लिंबाच्या बुडातली पाटीभर माती नेईन, मूळ न दुखवता. जाताना ते पोतं मांडीवर घेऊनच बसेन. अन् ऐक, मी समोरच्या दारानं येणार आहे. शेजारी बघत असले तरी.

तुझीच, अजून तरी तुझीच,
दैवशालाआक्का