बाबांचं पुस्तक आईच्या फोनवर

बाबा, चिडूनच लिहायला बसलेय. तळासरीच्या शाळेत शिकवताना पोरांच्या आज्यांकडून ऐकलेल्या गोष्टींचं तुम्ही पुस्तक केलंत, आणि कागद कमी लागावा म्हणून टाइप घेतलात मुंगीएवढा. डहाणूच्या छापखान्यातून पहिली प्रत आणलीत तो दिवस मला आठवतो. आई स्वयंपाकघरात बोंबील साफ करतेय. हात धुऊन ती पुस्तक उजेडाकडे धरते आणि म्हणते, "अहो, एवढं बारीक कोण वाचणार?" तुम्ही फणकाऱ्याने, "ज्याला वाचायचंय तो वाचेल." झालं! आता तुम्ही गेल्यावर तिलाच वाचायचंय आणि तिची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही, आहे तोवर काय ते वाचून घ्या. मी वाचून दाखवते म्हटलं तर फटकन म्हणाली, "त्यांचं पुस्तक माझं मी वाचीन."

छापखान्याच्या सीडीतली पीडीएफ तिच्या फोनवर घातली. पान मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर. आई बोटाने ओढत जायची आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. घोलवडला माझ्यासोबत चिकू पॅक करणारी मैत्रीण म्हणाली, "ईपब कर गं, माझी पोरगी तेच वाचते. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप स्क्रीनमध्ये बसतात." केलं. उघडून बघते तर काय, तुमच्या गोष्टींच्या जागी डॉलर, कंस आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! छापखान्याचा तो जुना मराठी फॉन्ट फोनला कळतच नाही. मग काय, जेवायच्या सुट्टीत एकेक पान नव्याने टाइप करत बसले. आई रोज विचारायची, "झालं का गं?" होतंय म्हणायचे. दुसरं काय सांगणार होते?

आज झालं. अक्षर एवढं मोठं केलं की ओळीत जेमतेम दोन शब्द मावत होते. दुपारी ओटीवर तिच्या हातात फोन दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, तिरपा केला. मग हसून म्हणाली, "आता कसं स्पष्ट दिसतंय!" आणि अंगठ्याने पानं उलटायला लागली. मी वाकून बघितलं. फोन केव्हाच बंद झाला होता. ती काळ्या काचेवर अंगठा फिरवत होती.

काय करू मी, बाबा? हे पत्र कुठे घालू, तेही कळत नाही. तुम्हालाच सांगते, मी तिला काही बोलले नाही. विचारलं, "कुठवर आलीस?"

"वाघाची गोष्ट चाललीय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सावकाश वाच."