वाफेचं तोंड

६ जानेवारी
नातीने तिची अर्धी कोरी वही दिली. म्हणे, आजी, रोज लिही, डोकं तल्लख राहतं. माझं डोकं तिच्या बापाच्या डोक्यापेक्षा तल्लख आहे. पण वही वाया जाऊ नये. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा अक्षर असंच येणार. वाचणारं कुणी नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं ठरवलंय.
आजचं खरं: इथल्या गोठवणाऱ्या थंडीत घर गरम ठेवणारा नवा बॉयलर बसला. बसवला सुनेच्या भावाने. त्याला फिटरचं सर्टिफिकेट मिळून सहा महिने झालेत आणि चाल अशी की सर्जन आलाय. भिंतीतून दोन पांढऱ्या नळ्या रस्त्याकडे काढल्या, मध्ये हातभर अंतर. एक बाहेरची हवा आत ओढते, दुसरी जळून उरलेली वाफ बाहेर टाकते. मला समजावायला लागला की मावशी, आगीला ताजी हवा लागते. म्हटलं, चाळीस वर्षं चूल फुंकलीय, मला हवा शिकवू नकोस.

८ जानेवारी, सकाळी ११
वाफ माझ्या खिडकीवरून जाते. काच आंधळी. समोरचं न्हाव्याचं दुकान दिसत नाही. मला कुणाच्या डोक्याशी काय करायचंय? पण कोण केस रंगवून बाहेर पडलं, कोण बिनकामाचं तासभर बसलं, एवढं माणसाला माहीत असावं. तक्रार करणार नाही. सुनेच्या माहेरचं काम, बोललं की खापर माझ्यावर.

९ जानेवारी
उपाय सापडला. मागच्या अंगणात पन्हळीचा वाकडा तुकडा पडला होता. स्टुलावर चढले, वाफेच्या नळीला तो बसवला, नातीच्या स्वेटरच्या उरलेल्या जांभळ्या लोकरीने बांधला. वाफेचं तोंड वळलं, काच स्वच्छ. दोन तासांचं काम वीस मिनिटांत. कोण म्हणतं शिक्षण लागतं?
सगळे नऊला जातात, तेव्हा लावायचा. चारला यायच्या आत काढायचा. उगाच चर्चा नको.

१० जानेवारी
दुपारी बॉयलर बंद पडला. पाटीवर लाल आकडा. घर गार. मी तीन स्वेटर घालून बसले, थंडी प्रकृतीला चांगली. संध्याकाळी मुलाने बटण दाबलं, चालू झाला. नवी वस्तू, रुळायला वेळ लागतो.

१३ जानेवारी
पुन्हा बंद. रोज दुपारी बंद. योगायोग. सुनेचा भाऊ संध्याकाळी आला, नळ्या बघितल्या, आत बघितलं, तासभर चालवून बघितला. छान चालला. तो आला की बॉयलर शहाणा. मुलगा म्हणाला, मेहुणेबुवा, तुम्ही इथेच राहायला या. सून हसली नाही.
वाकड्याचा संबंध नाही. तो बाहेर आहे, बॉयलर आत.

१५ जानेवारी
नातीला खोकला. शाळेतून आली की घर बर्फ. सुनेने मुलाला सांगितलं की दम धर, माझा भाऊ निष्काळजी नाही. मुलगा म्हणाला, मग बॉयलर निष्काळजी आहे का? मी म्हटलं, स्वस्त माणूस, स्वस्त काम. सून माझ्याकडे बघत राहिली. मग जाऊन नातीच्या खोलीत स्वतःची रजई टाकून आली.
उद्यापासून वाकडा लावणार नाही. फक्त प्रयोग म्हणून.

१६ जानेवारी
लावला नाही. बॉयलर दिवसभर चालला. योगायोग. पण समोर एक नवीन माणूस सगळं डोकं भादरून गेला म्हणे, आणि मला दिसलं नाही. दूधवाल्याकडून कळलं. असं जगायचं का?

१७ जानेवारी
लावला. फक्त अकरा ते एक. साडेबाराला बंद पडला.

२० जानेवारी
मुलाने बॉयलरच्या कंपनीकडे तक्रार केली. तपासनीस येणार, गुरुवारी. दोष निघाला तर सुनेच्या भावाचं सर्टिफिकेट काढून घेतील. तो आज आला होता, चहा तसाच ठेवून गेला. जाताना मला म्हणाला, मावशी, मी रात्रंदिवस विचार करतोय, कुठे चुकलं कळत नाही. म्हटलं, अनुभव कमी पडतो बाबा.
हे लिहायला नको होतं. पण खरं लिहायचं ठरवलंय. वाकड्याबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं. त्यातून हे बाहेर पडलं.
गुरुवारच्या आधी वाकडा नाल्यात टाकते. शपथ.

२१ जानेवारी, सकाळी १०
शेवटचं एकदा लावला. उद्या गुरुवार.

२१ जानेवारी, संध्याकाळी
तपासनीस आजच आला. दुपारी दोनला, सुनेच्या भावाला घेऊन. अचानक येतात म्हणे, खरं काय ते कळावं म्हणून. तेव्हा मी स्टुलावर. लोकरीत वाफेचं पाणी झिरपून, गोठून गाठीचा दगड झालेला, बॉयलर कधीचाच बंद. हातात किटली. गरम पाणी ओतलं, ते जाऊन वर आणखी गोठलं.
आणि समोरून न्हावी ओरडला की काय आजी, आज गाठ सुटत नाही वाटतं? रोज तर चारच्या आत सोडता!
मी इतके दिवस त्याचं दुकान बघत होते. तो मला बघत होता.
तपासनीसाने वाकड्याचं तोंड बोटाने दाखवलं. ते सरळ दुसऱ्या नळीकडे. हवा ओढते त्या. म्हणाला, आजी, तुम्ही त्याला स्वतःचीच उष्टी हवा खायला लावत होता. अशा हवेवर ज्योत बिघडते, मग विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. हे यंत्र शहाणं, आधीच विझलं. मग विचारलं की बॉयलरच्या शेजारच्या खोलीत कोण झोपतं?
म्हटलं, नात.
चाळीस वर्षं चूल फुंकली. कोंडलेल्या चुलीने काय होतं ते मला माहीत होतं. नव्हतं असं लिहिणार होते. माहीत होतं.
रिपोर्टवर सही लागते, कुणी केलं त्याची. नाहीतर दोष फिटरचा. सुनेच्या भावाने कागद माझ्यापुढून उचलला, म्हणाला, राहू द्या साहेब, म्हातारं माणूस, माझंच काहीतरी चुकलं म्हणून लिहा. तेवढ्यात सून कामावरून लवकर आली आणि दारात उभी राहिली. तिने गाठ बघितली. जांभळी लोकर. 
मी कागद ओढून घेतला. सही केली. माझं नाव कधी इतकं लांब वाटलं नव्हतं.

२२ जानेवारी
मुलाने रिपोर्ट वाचला. घडी घालून खिशात ठेवला. जेवताना मीठ मागितलं, बाकी काही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी
सुनेचा भाऊ आला. मला वाटलं, सर्टिफिकेट दाखवायला. नाही. मोजपट्टी घेऊन आला होता. म्हणाला, मावशी, वाफेचा त्रास होतो हे आधी सांगायचं ना. नळीचं टोक थोडं वर घेऊन वळवायची सोय असते. त्याच दिवशी करून दिली असती. अर्ध्या तासाचं काम.
अर्धा तास.
म्हटलं, राहू दे.
खिडकीशी बसले आहे. वाफ येते, काच आंधळी. न्हावी मला दिसत नाही. मीही त्याला दिसत नाही. ठीक आहे.