गुडघ्यांनी दिलेलं मत

ता. ३, सोमवार

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे अ. आ. वि. वि.

बसून वाच, नाहीतर पडशील. मी बाजू बदलली! चाळीस वर्षं तुझं मत माझं मत खायचं, म्हणून मतदानाच्या दिवशी दोघंही घरी पत्ते कुटत बसायचो. यंदा सोळा तारखेला दोघांनी जायचं. मागच्या खेपेला सात मतांनी निकाल लागला, आठव.

झालं असं, सूनबाईचं मनगट मोडलं, म्हणून महिनाभर पालिकेच्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिच्या जागी मी चादरींच्या घड्या घालतेय. तिथे मी वीस वर्षं मुकादम होते. बायका बसल्या की गप्पा मारतात म्हणून स्टुलं मीच हलवली होती. आता आठ तास उभी राहिले आणि माझ्याच नावाने बोटं मोडली. तुझा उमेदवार म्हणतो, स्टुलं परत देईन. माझा म्हणतो, सवलत दिली की माणूस सुस्तावतो. हे वाक्य माझंच रे!

नात म्हणते, या वयात दात बदलतात, पक्ष नाही. म्हटलं, मी दोन्ही बदलले.

लोभ आहेच, उत्तर तेवढं धाड.
तुझी ताई

ता. ६, गुरुवार

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

कपाळाला हात लावला. ताई, मीही बदललो! बस हाकायचो तेव्हा प्रत्येक संपात पुढे होतो. आता शिलाईचं दुकान काढलं, दोन कारागीर ठेवले. एक दहाला उगवतो, दुसरा चहाला जातो तो जेवूनच परततो. तुझं सगळं बोलणं आठवलं आणि पटलं. कळवायची लाज वाटत होती. म्हणजे मतं पुन्हा एकमेकांना खाणार. सोळाला पत्ते पिसून ठेवतो.

लोभ असू दे, राग नको.
तुझा धाकटा

ता. ८, शनिवार

चि. धाकट्यास अ. आ.

अरे कर्मा! चाळीस वर्षं मी खिळा ठोकतेय, आणि तो आत गेला नेमका मी हातोडा टाकल्यावर? पण भाषण देणार नाही. मलाही भाषणाने पटलं नाही, गुडघ्यांनी पटवलं. मंगळवारी दुकान बंद असतं ना? सातला धुलाईघरात ये. आताची मुकादम म्हणाली, फुकटचे हात कुणाला नकोत. कारागीर उशिरा येतात हे खरं असेल. पण त्यांना बसायला काय दिलंयस, तेही सांग.

पत्ते मी केरात टाकले.
माया आहे म्हणून शिव्या आवरल्या,
ताई

ता. १३, गुरुवार

ती. ताईस शि. सा. न.

अक्षर वाकडं आलंय, बोटं अजून आखडलेली आहेत. मंगळवारी धुलाईघरात नऊला मी खिडकीची कड धरली, दहाला गाठोड्यावर टेकलो, तर तूच खेकसलीस. मग म्हणालीस, वीस वर्षांची खोड आहे, जायला वेळ लागेल.

काल दुकानात प्रथमच खाली वाकून बघितलं. दहाला उगवणाऱ्या कारागिराच्या खुर्चीचा एक पाय विटेवर टेकवलेला. आज दोन नव्या खुर्च्या आणल्या. तरी तो दहालाच आला!

रविवारी आठला तुला न्यायला येतो. तयार राहा. एक गुडघा तुझ्या बाजूला आलाय, दुसरा अजून विचार करतोय.

पायांवर डोकं ठेवायचं राहिलं, वाकता येत नाही. लोभ उभ्यानेच असू दे.
तुझा धाकटा