पाडव्याला दहा वाजता

२ नोव्हेंबर १९८५

वाट लागली! करारपत्र आज पुन्हा काढून वाचलं. ‘क्षमा दि. १३ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता वडिलांकडे, दि. २४ ला संध्याकाळी आईकडे.’ तेरा तारीख म्हणजे पाडवा! फेब्रुवारीत सह्या करताना ना मी बघितलं, ना सहदेवने. तारीख वाचली, तिथी कोण बघतो? वकील गुजराती. त्या दिवशी त्यांचं नवीन वर्ष. त्याला बिचाऱ्याला मुहूर्तच वाटला असेल.

म्हणजे ज्या दिवशी बायका नवऱ्याला ओवाळतात, नेमकं त्याच दिवशी माझ्या नवऱ्याने मालाडहून मुलुंडला यायचं आणि मुलीला घेऊन जायचं. झकास!

तारीख बदलू या म्हणून कळवावं तर सासूबाई म्हणणार, बघा, पहिल्याच दिवाळीत शब्द फिरवला. राहू दे.

५ नोव्हेंबर

सुट्टी क्षमाची, मला कसली? एक्स्चेंजमध्ये दिवाळीचे दुप्पट कॉल. सगळ्या जगाला याच आठवड्यात आपली माणसं आठवतात. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात ‘बोला, लाइन चालू आहे’. क्षमा शेजारी सुंदराबाईंकडे. तिथे करंज्या भरते म्हणे. माझ्याकडे साधं लाटणं धुवत नाही.

७ नोव्हेंबर

आज तिला सांगितलं. पाडव्याला बाबा न्यायला येतील, बारा दिवस मालाडला, आजी आहे, चुलत भावंडं आहेत. म्हणाली, ‘मी नाही जाणार.’ रडली नाही, ओरडली नाही. दुधाचा कप खाली ठेवला आणि सांगून मोकळी. आठ वर्षांची आहे, पण हट्ट ऐंशी वर्षांच्या बाईचा.

करारात एक कलम आहे – मुलीची इच्छा नसल्यास जबरदस्ती करू नये. मीच घालायला लावलं होतं.

खरं लिहिते, इथे खोटं कशाला? मला आनंद झाला. पोळ्या लाटताना गुणगुणत होते. नंतर लाज वाटली.

८ नोव्हेंबर

सुंदराबाईंना सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील. कसलं काय! ‘चेडवाक धाड गो नलू. बापूस आसा तो तिचो. तुझा-त्याचा काय असात ता असांदे.’

‘मुलीला पाठव’ म्हणून त्यांना सांगायला काय जातं! जूनमध्ये सहदेव बोलला होता, ‘क्षमाला मालाडच्या शाळेत घालू या का? घरात माणसं आहेत. तुझ्याकडे कुलूप.’ तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बारा दिवस तिथे रमली आणि म्हणाली, मी इथेच राहते – तर? कागद काय करणार?

सहदेव वाईट नाही. कधी हात उगारला नाही, पिऊन आला नाही. नऊ वर्षं त्याच्या आईने बोलायचं, मी उत्तर द्यायचं आणि त्याने पेपर वाचायचा. शेवटी मी पण बोलणं बंद केलं. मग निघालेच.

११ नोव्हेंबर

पहिली अंघोळ. बाजारात कारीट मिळालं, क्षमाने टाचेखाली फोडलं. गोड पोहे, तिखट पोहे. दोघींत तेवढे पुष्कळ झाले.

१२ नोव्हेंबर

तिची पिशवी भरून ठेवली. तिने उपसली. मी परत भरली.

१३ नोव्हेंबर

दहाला पाच कमी असताना आला. नऊ वर्षांत एकदाही वेळेवर आला नव्हता! शर्ट इस्त्रीचा, हातात फटाक्यांची पिशवी. बारीक झालाय.

क्षमा मोरीच्या दाराआड. ‘ये की बाळा,’ तो म्हणाला. ही हलेना. मी कोपऱ्यात उभी. मनात म्हटलं, मी काही शिकवलेलं नाही, मला विचारू नकोस.

मग आतूनच आवाज आला. ‘आई तुम्हाला ओवाळेल, मग मी येईन. दर पाडव्याला ओवाळते.’

पाट मांडलेला होता! भोवती रांगोळीपण काढली होती, वाकडीतिकडी. मी दुधाला खाली गेले तेव्हा केलं असणार. मला दिसलं कसं नाही? दिसलं होतं. वाटलं, खेळतेय.

सहदेवचे कान लाल झाले. ‘नलू, नको करूस. तिची इच्छा नाही ना, मी जातो.’ फटाक्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि खरंच वळला. मी नुसती गप्प राहिले असते तर झालं असतं. करार माझ्या बाजूने. बारा दिवस माझे. पुढच्या सुट्ट्यासुद्धा माझ्याच झाल्या असत्या, कारण तो पुन्हा विचारणारा नाही. मी ओळखते त्याला.

पण जिन्याकडे जाताना त्याने चप्पल उलटी घातली. डावी उजव्या पायात. आणि त्याच्या लक्षात येईना.

म्हटलं, ‘बस पाटावर.’

टोपी नव्हती. डोक्यावर रुमाल टाकला. मी सुपारी शोधली, सोनं म्हणून कानातली कुडी काढून तबकात ठेवली. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. हाताला सवय होती, हातच करत गेला. क्षमा मोरीतून बाहेर येऊन एकटक बघत होती. त्याने खिसे चाचपले. ‘काही आणलं नाही गं. मला काय माहीत?’ मग खिशाचं पेन काढून तबकात ठेवलं. त्याच पेनने लिहितेय. शाई गळते.

दोन मिनिटांचं काम. क्षमाने स्वतः पिशवी उचलली. जिन्यावरून उड्या मारत गेली. एकदाही मागे बघितलं नाही!

१४ नोव्हेंबर

भाऊबीज. ड्यूटी मागून घेतली.

१७ नोव्हेंबर

सुंदराबाईंनी माशाची आमटी दिली. जेवले. ‘केलंस ता बरा केलंस,’ म्हणाल्या. मलाही तसंच वाटतंय. मी आणि सहदेव मोठ्यांसारखे वागलो – पहिल्यांदाच. आता दर सुट्टीला असंच जमेल. मन शांत आहे. घर मात्र फार नीटनेटकं राहतं, ते बघवत नाही.

२० नोव्हेंबर

क्षमाचं पोस्टकार्ड. ‘प्रिय आई, मी मजेत आहे. मला इथे खूप काम आहे. फटाके उडवायला पण वेळ नाही. तू जेवतेस ना?’

आई कधी भेटेल, आठवण येते – एक शब्द नाही. चारदा वाचलं. सासूबाईंनी करंज्यांना बसवली असेल. रमली. रमली म्हणजे रमलीच.

२३ नोव्हेंबर

उद्या येणार. काय बोलायचं ते ठरवलंय. तिने मालाडच्या शाळेचं काढलं तर आवाज चढवायचा नाही. तिचं पूर्ण ऐकून घ्यायचं. मग सांगायचं – आईचं आणि बाबांचं घर आता वेगळं, तू दोन्हीकडची. आरशासमोर बोलून पाहिलं. बरं जमलं.

२४ नोव्हेंबर

सहाला आली. सहदेव खालूनच गेला. पिशवी रिकामी, एक फ्रॉकसुद्धा परत आणला नाही.

‘कपडे कुठे गं?’

‘तिकडेच ठेवले. कशाला परत परत न्यायचे? आई, तुझी जागा मी केली. कपाटातलं आजीचं सगळं काढलं, पुसलं, पेपर घातले. तू बाबांना ओवाळलंस ना, आजी म्हणाली आता आई येणार. कधी जायचं आपण?’

‘आणि बाबा काय म्हणाले?’

‘काही नाही. वरच्या कप्प्याला माझा हात पुरत नव्हता, तो त्यांनी रिकामा करून दिला.’