मक्याच्या पानाचा आतला थर

४ जून

चि. ठकीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

माझाच जुना प्रयोग तू पुन्हा करणार, हे कळल्यावर तुझी मामी कपाळावर हात मारून म्हणाली, की झालं, आता घरात दुसरा विषय निघायचा नाही. खरंच निघत नाही. मक्याच्या पानात शिरेला बिलगलेला पेशींचा एक थर, त्याच्या बाहेर दुसरा. हवेतल्या कार्बनची साखर करणारं मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, फक्त आतल्या थरात असतं, असं सगळे म्हणत. मला ते बाहेरच्यातही सापडलं. तेवढं मांडलं आणि भर सभेत लोक हसले. विद्यापीठाची नोकरी गेली, पुढे जन्मभर शाळेत शिकवलं. आता डॉक्टरांनीही हात टेकलेत. तेव्हा पोरी, जरा लवकर आटप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

२९ जून

ती. मामांस, ठकीचा शि. सा. न.

उशीर झाला, कारण लिहायचा धीर होत नव्हता. बाहेरच्या पेशी फुटतील, आतल्या जाड भिंतींच्या शाबूत राहतील, असं धरून तुम्ही पानं खलात हलकेच घोटली होतीत. मीही तशीच घोटली. विकर बाहेरच्या रसात सापडलं! मी टेबलाभोवती नाचले. मग चोथा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर आतल्याही पुष्कळ पेशी फुटलेल्या. म्हणून न घोटता, पेशी हळूच सुट्या करून दोन्ही थर वेगळे केले; या वेळी आतल्या पेशी शाबूत राहिल्या. बाहेरच्या थरात तुमचं विकर नाही, मामा. तिथे दुसरंच आहे, कार्बन पकडून आत पाठवायला मदत करणारं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आमचे सर म्हणाले, आजारी माणसाला कशाला कळवतेस. पण तुमच्याशी खोटं बोलणं जमेना. रागवा, पण मला दूर लोटू नका.

तुमची ठकी

११ जुलै

चि. ठकीस, मामीचा आशीर्वाद.

यांचा हात चालत नाही, म्हणून मी लिहिते. तुझं पत्र वाचून दाखवलं. आतल्या पेशी शाबूत राहिल्या होत्या का, एवढंच विचारलं. राहिल्या असं ती लिहिते, म्हटल्यावर म्हणाले, मग पोरीचंच बरोबर. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून औषधाला तोंड उघडत नाहीत. एका पानापायी जीव टाकायचा का, म्हणून मी चिडले. तर म्हणाले, लोक बरोबरच हसले होते, हे तेव्हाच कळतं तर शाळेतल्या मुलांना तरी मन लावून शिकवलं असतं.

तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तब्येतीला जप, आमच्यावर जीव असू दे. फक्त इतक्यात पत्र पाठवू नकोस. पोस्टमनची चाहूल लागली की हे अजून मान उचलतात; पत्र यायचं आहे तोवर वाट पाहत तरी टिकतील.

तुझी मामी